भाड्याचं घर राहण्याजोगं निघालं नाही तर: कोल्हापुरात नव्याने आलेल्यांसाठी

मी जत तालुक्यातला. आमच्याकडे पाऊस इतका कमी, की भिंत ओल धरते म्हणजे नेमकं काय होतं हे नोकरीसाठी कोल्हापुरात येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मे महिन्यात घर बघितलं, ताजा पांढरा रंग आवडला, तीस हजार डिपॉझिट आणि महिना नऊ हजार भाडं ठरवून आम्ही तिघं राहायला गेलो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बायकोने झाडायला म्हणून लोखंडी कपाट पुढे ओढलं. मागची भिंत कमरेएवढी काळी पडली होती, फरशीवर पोपड्यांचा ढीग होता, आणि सुटलेल्या नव्या रंगाखाली मागच्या पावसाळ्याचा काळा थर तसाच होता. त्याच भिंतीच्या स्वयंपाकघराकडच्या बाजूला वीजेचा बोर्ड. दोन दिवसांनी मिक्सर लावताना बटणावर बोटाला झिणझिण्या आल्या. घरात चार वर्षांची मुलगी होती.

मालकांना फोन केला तर म्हणाले, "पावसाळ्यात सगळ्यांच्याच भिंतीला ओल येती की हो. दसऱ्यापर्यंत वाळतंय सगळं." पुढचे तीन आठवडे मी चुकीच्या गोष्टी करत राहिलो. फोनवर वाद घातला, भाडं थांबवायचं ठरवलं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले 'भाडेकरूंचे नवे हक्क' खरे मानले. शेवटी न्यायालयातल्या मोफत विधी सल्ल्याच्या खोलीत एका वकीलबाईंनी वीस मिनिटांत सगळं उलगडून सांगितलं. ते आणि नंतर स्वतः करून शिकलेलं असं दोन्ही इथे क्रमाने लिहितो आहे. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल किंवा प्रकरण न्यायालयात जाणार असेल, तर वकिलाला दाखवूनच पुढे जा.

१. आधी बघा: तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सी?

बहुतेक लोक इथेच चुकतात, म्हणून हे सगळ्यात आधी.

महाराष्ट्रात भाड्याच्या घरांना 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' लागू होतो. तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. पण या कायद्यातलं दुरुस्तीचं आणि वीज-पाणी न तोडण्याचं संरक्षण 'भाडेकरू' या शब्दाला जोडलेलं आहे. आपण अकरा महिन्यांचा करार करतो तो बहुतेक वेळा 'लिव्ह अँड लायसन्स' असतो. त्यात कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नसता, लायसन्सी असता. घर वापरायची तुम्हाला परवानगी असते, घरावर भाडेकरूचा हक्क नसतो.

म्हणून कपाटातला करार काढा आणि पहिलं पान वाचा. 'लायसन्सॉर', 'लायसन्सी', 'अनुज्ञप्ती' असे शब्द असतील तर तुमचं बळ मुख्यतः करारातल्या अटींमधून, भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ मधून आणि करार कायद्यातून येतं. पेठेतल्या जुन्या वाड्यात वर्षानुवर्षं भाडेपावतीवर राहणारं कुटुंब असेल तर ते भाडेकरू, आणि त्यांचं संरक्षण बरंच भक्कम आहे.

लायसन्सीच्या हातात काहीच नसतं असं नाही. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे, जिवाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला माहीत नसेल, तर तो तुम्हाला सांगणं मालकाला बंधनकारक आहे. ओल्या भिंतीत करंट उतरणं हा असाच दोष. कलम ६४ म्हणतं की मोबदला घेऊन परवानगी दिली आणि तुमची काही चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढलं, तर तुम्ही नुकसानभरपाई मागू शकता. हे दोन आकडे लक्षात ठेवा. मालकांशी बोलताना नुसतं "माझा हक्क आहे" म्हणण्यापेक्षा त्यांचा जास्त उपयोग होतो.

घर शहराला लागून असलेल्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर तिथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे का याची वकिलाकडून खात्री करून घ्या. लागू नसेल तर भाडेकरूसाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम १०८ उपयोगी पडतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही' या निरोपाबद्दलही इथेच सांगतो. ती तरतूद केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. राज्याने आपला कायदा करून ती स्वीकारली तरच ती लागू होते. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात डिपॉझिटवर अशी मर्यादा नाही. मी हे मालकांना ठणकावून सांगितलं होतं, आणि ते चुकीचं निघाल्यावर माझी बाकीची खरी तक्रारसुद्धा त्यांनी मनावर घेतली नाही.

२. घर बघतानाच निम्मं काम करा

उन्हाळ्यात घर बघत असाल तर जास्त सावध राहा. कोल्हापूरचा पाऊस मे महिन्यातल्या भिंतीवर दिसत नाही, पण खुणा असतात. खालच्या तीन फुटांचाच रंग नवा आहे का? फरशीलगतच्या पट्टीवर मिठासारखी पांढरी पावडर आहे का? भिंतीतलं कपाट उघडून तोंड आत घाला, वर्षभर ओल खाल्लेल्या फळीचा वास लपत नाही. वरच्या मजल्याचं बाथरूम तुमच्या कुठल्या खोलीवर येतं ते विचारा आणि तिथलं छत टॉर्च लावून बघा. सगळे नळ सोडा, सगळे दिवे लावा. नळाला महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, की सगळं बोअरवर आहे, हे मालकांना विचाराच, पण शेजारच्या घरातही विचारा.

पुराचा प्रश्न मात्र मालकांना विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा. "२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? २०२१ ला?" एवढंच विचारायचं. इथला माणूस हात भिंतीला लावून नेमकी उंची दाखवतो. दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली होती, आणि तिथे इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट आहे. सुतारवाड्यात पाणी सगळ्यात आधी शिरतं, पण दुधाळी, शाहूपुरीचा सखल भाग, नागाळा पार्कची खालची बाजू, जयंती नाल्याचा काठ इथेही घर घेताना हा प्रश्न चुकवू नका. तळमजला स्वस्त मिळत असेल तर तो का स्वस्त आहे, ते याच उत्तरातून कळतं.

घर बघून आलात की त्याच संध्याकाळी मालकांना एक साधा मेसेज टाका:

"नमस्कार काका. आज घर पाहिलं, आवडलं. भिंतींना पावसाळ्यात ओल येत नाही, पुराचं पाणी आवारात येत नाही आणि नळाला रोज पाणी येतं, असं आपण सांगितलंत. त्यावर विश्वास ठेवून आम्ही पुढे जात आहोत."

हा मेसेज अगदी साधा दिसतो, पण त्याच्यामागे कायदा आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ प्रमाणे माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं ही फसवणूक आहे (कलम १७), आणि फसवून किंवा चुकीची माहिती देऊन घेतलेली संमती असेल तर करार रद्द करून मागता येतो (कलम १९). पण त्याच कलमात एक पळवाटही आहे. साधी चौकशी करून तुम्हाला कळलं असतं, असं समोरच्याने दाखवलं, तर तुमची बाजू पडू शकते. "मी विचारलं होतं, आणि त्यांनी नाही म्हणून सांगितलं" हे कागदावर असणं म्हणूनच मोलाचं. माझ्याकडे ते नव्हतं.

३. करार नोंदवलेलाच हवा

"नोंदणीची काय गरज आहे, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करू," असं एजंट म्हणेल. ऐकू नका. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

१९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. याच कलमातली दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं किंवा लायसन्सीचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. म्हणजे करार नोंदवलेला नाही म्हणून तुमचं काहीच चालणार नाही, ही भीती काढून टाका.

तरीही नोंदवाच, कारण खर्च जास्त नाही. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असतं. ते एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर लागतं. माझ्या घराचा हिशेब असा: नऊ हजार गुणिले अकरा म्हणजे ९९,०००. तीस हजारांवर अकरा महिन्यांचं व्याज २,७५०. बेरीज १,०१,७५०, आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे अडीचशेच्या आसपास. त्यावर नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्याही नोंदणी होते. एजंट किती मागतो आणि त्यातलं सरकारी किती, हे तुम्हाला यावरून कळेल.

सही करण्याआधी चार अटी शोधा. 'सर्व दुरुस्त्या लायसन्सी स्वखर्चाने करील' असं असेल तर बदलून घ्या: गळती, ओल, वायरिंग, ड्रेनेज आणि छप्पर मालकाकडे, बल्ब, नळाचा वायसर असं किरकोळ आपल्याकडे. लॉक-इन काळ (म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही तो काळ) असेल तर त्याला 'घर राहण्यास अयोग्य किंवा धोकादायक झाल्यास लागू नाही' अशी ओळ जोडा. डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं ते आकड्यात लिहा. 'योग्य वेळी' अशा शब्दांवर सही करू नका. चौथी अट पुराची: आवारात पाणी येऊन घर सोडावं लागलं तर त्या दिवसांचं भाडं लागणार की नाही. नदीकाठच्या घराला ही अट मागायला संकोच करू नका. कोल्हापूरच्या मालकालाही तिचा अर्थ लगेच कळतो.

घर त्यांचंच आहे ना, यासाठी घरफाळ्याची पावती आणि महावितरणचं बिल बघायला मागा. दोन्हींवर वेगवेगळी नावं असतील तर का, ते विचारा.

४. पहिल्या दोन दिवसांत घराची नोंद करा

सामान लावण्याआधी मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा. दारापासून सुरू करून प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, सिंकखालची जागा, संडासाची टाकी, खिडक्यांच्या कड्या. वीजमीटरचं रीडिंग तारखेसह. हा व्हिडिओ मालकांना पाठवून ठेवा, म्हणजे "हे तुम्हीच खराब केलं" असं सोडताना कोणी म्हणणार नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचं काम मालकांचं, पण त्याची प्रत तुमच्याकडेही ठेवा. त्या घरात तुम्ही कधीपासून राहता, याचा तो पुरावाच असतो.

भाडं नेहमी बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोखीने मागत असतील तर पावती घ्या. पावती देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे (१९९९ च्या कायद्याचं कलम ३१).

५. दोष निघाला: आधी जीव, मग फोटो, मग पत्र

भिंत ओली आणि बोर्डाला झिणझिण्या येत असतील तर आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमन बोलवा. मी दोन दिवस "बघू" म्हणत काढले, त्याचं आजही वाईट वाटतं. वायरमनकडून दोन ओळींचं लिहून घ्या: काय दोष आढळला, कोणत्या भिंतीत, कोणत्या तारखेला. छताचे गिलाव्याचे तुकडे पडत असतील तर त्या खोलीत झोपू नका.

मग फोटो. जवळून एक, आणि खोली ओळखू येईल असा लांबून एक. ओल वाढत असेल तर तिच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून तारीख घाला. मी बारा जुलै, एकोणीस जुलै आणि सव्वीस जुलै अशा तीन रेघा मारल्या होत्या. शेवटची रेघ पहिल्यापेक्षा वीतभर वर होती. पुढे मालकांचे थोरले भाऊ घर बघायला आले, तेव्हा त्या तीन रेघांपुढे ते गप्प उभे राहिले आणि बोलण्याचा सूर तिथून बदलला. घरात कोणाला त्रास झाला असेल तर डॉक्टरांची चिठ्ठीही ठेवा, पण डॉक्टरांनी लिहिलं नसेल ते कारण स्वतः जोडू नका.

आणि मग लेखी कळवा. फोन कितीही केले तरी ते कुठे दिसत नाहीत. आधी व्हॉट्सअ‍ॅप, आठवड्यात हालचाल झाली नाही तर कागदावर पत्र. पूर्वीचं रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर 'पोहोच पावती हवी' असं स्पष्ट सांगा. मी पाठवलेलं पत्र साधारण असं होतं:

"माननीय महोदय,
आपल्या मालकीच्या (पत्ता) या घरात आम्ही दि. … च्या नोंदणीकृत करारान्वये राहत आहोत. भाडं आजपर्यंत वेळेवर दिलेलं आहे. दि. १२ जुलैपासून मागील खोलीच्या उत्तरेकडील भिंतीला जमिनीपासून सुमारे तीन फूट ओल आहे व त्याच भिंतीतील वीज बोर्डात करंट उतरत असल्याचं वायरमनने लेखी कळवलं आहे (प्रत सोबत). घरात लहान मूल आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत वायरिंग व गळतीची दुरुस्ती करून द्यावी. दुरुस्तीसाठी कोणत्याही दिवशी सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत घर उघडं ठेवण्याची आमची तयारी आहे. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास कायद्याने व कराराने उपलब्ध मार्ग आम्हाला वापरावे लागतील.
कळावे."

घर उघडं ठेवण्याचं वाक्य विसरू नका. "ते घरच उघडत नव्हते, मी दुरुस्ती कशी करणार?" हे मालकांचं ठरलेलं उत्तर असतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: मालकाला घर पाहण्याचा हक्क आहे, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी (१९९९ च्या कायद्याचं कलम २८). तुम्ही घरात नसताना दुसऱ्या किल्लीने आत येणं त्यात बसत नाही.

६. पंधरा दिवस गेले आणि काहीच झालं नाही

भाडं थांबवू नका. रागाच्या भरात सगळ्यात आधी हेच सुचतं, आणि नुकसानही यानेच होतं. भाडं थकलं की वाद ओलीचा राहत नाही, तुमच्या थकबाकीचा होतो.

तुम्ही भाडेकरू असाल तर कायद्याने चांगला रस्ता दिला आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, भाडेकरूने वेगळं कबूल केलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. महिना नऊ हजार भाडं असेल तर वर्षाचे १,०८,००० आणि वळते करता येतात ते २७,००० पर्यंत. खर्चाचा हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्या तर तोच पुरावा मानला जातो. म्हणून गवंड्याकडून, वायरमनकडून, सिमेंटच्या दुकानातून, सगळीकडून तारीख आणि पत्त्यासह बिल घ्या.

लायसन्सी असाल तर हा वळतीचा हक्क आपोआप मिळत नाही. तेव्हा दुरुस्तीचा अंदाजखर्च मालकांना पाठवा आणि "पुढच्या भाड्यातून इतके वळते करायला हरकत नाही" एवढं त्यांच्याकडून लेखी घ्या. मेसेजवर 'चालेल' आलं तरी पुरे. आमच्या वायरिंगचे अडीच हजार असेच वळते झाले. भिंतीबद्दल मात्र त्यांनी शेवटपर्यंत हो म्हटलं नाही. ती ओल वरच्या मजल्याच्या पाइपातून येत होती आणि ते काम मोठं होतं.

इमारतच धोकादायक वाटत असेल, गॅलरी कलली असेल, तुळई सुटली असेल, तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार कार्यालयं आहेत. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्तांना अशा इमारतीबाबत आदेश देता येतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूंनी मात्र असा अर्ज देण्याआधी आणि अशी नोटीस आल्यावर घर सोडण्याआधी वकिलाला भेटावंच. तिथे ओलीपेक्षा भाडेकरूचा हक्क टिकवणं जास्त महत्त्वाचं असतं.

७. वीज-पाणी तोडलं, कुलूप बदललं

तक्रार केल्यावर काही ठिकाणी हे घडतं. भाडेकरूच्या बाबतीत १९९९ च्या कायद्याचं कलम २९ स्पष्ट आहे: पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई या आवश्यक सेवा वाजवी कारणाशिवाय तोडता येत नाहीत. तोडल्या तर न्यायालयातून त्या पुन्हा सुरू करण्याचा अंतरिम आदेश मागता येतो, आणि तोडणं हा गुन्हाही आहे. लायसन्सीने करारभंग म्हणून दिवाणी न्यायालयात मनाई मागायची.

दार अडवलं, सामान बाहेर काढलं, धमकी दिली, तर ११२ वर फोन करा आणि आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जा. तिथे "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकायला मिळेल. तेव्हा घराच्या मालकीचं किंवा भाड्याचं काही बोलू नका. अडवणूक, धमकी, सामानाची नासधूस एवढंच क्रमाने सांगा आणि निदान अदखलपात्र नोंद करून तिची प्रत मागा. एकट्याने जाऊ नका.

८. घर सोडायचं ठरलं तर

आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं. वाट बघून भिंत वाळणार नव्हती.

करारात असेल तेवढ्या दिवसांची लेखी नोटीस द्या आणि कारण लिहा. लॉक-इन बाकी असेल तर सुविधाधिकार अधिनियमाचं कलम ५७, करार कायद्याची कलमं आणि तुमचा पत्रव्यवहार यांचा उल्लेख करून ते लागू होत नाही असं म्हणा. बहुतेक मालक इथे तडजोडीला येतात. महापुरात घराचा मोठा भाग कायमचा निकामी झाला तर भाडेकरूला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ (ई) खाली भाडेपट्टा संपवता येतो. पण नुसतं पाणी येऊन ओसरलं, तर हे कलम लागू होईलच असं धरू नका.

"डिपॉझिट फिटेपर्यंत राहतो, भाडं देत नाही" हा सल्ला सगळे देतात. लायसन्सची मुदत संपल्यावर तसं राहिलात तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. तीस हजार वाचवायला जाऊन त्याहून जास्त देणं लागू शकतं.

सोडायच्या दिवशी मालकांना किंवा त्यांच्या माणसाला समोर बोलवा. रिकाम्या घराचा पुन्हा सलग व्हिडिओ, मीटरचं रीडिंग, शेवटचं बिल भरल्याची पावती. किल्ल्या देताना एका कागदावर 'घराचा ताबा व … किल्ल्या मिळाल्या, डिपॉझिट रु. … देणे बाकी' असं लिहून सही घ्या. आमचे मालक "सही कशाला, विश्वास नाही का?" म्हणाले. बायकोने शांतपणे सांगितलं, "विश्वास आहे म्हणूनच किल्ल्या देतोय काका. सही हिशेबासाठी." त्यांनी सही केली.

रंगासाठी चार हजार कापले गेले. नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि मालकाच्या गळतीने झालेलं नुकसान तुमच्या डिपॉझिटमधून कापणं योग्य नाही. पहिल्या दिवसाचा व्हिडिओ दाखवून दुसरं पत्र पाठवल्यावर त्यातले अडीच हजार परत आले. उरलेल्या दीड हजारांसाठी मी पुढे गेलो नाही.

९. कुठे जायचं

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, ठरावीक उत्पन्नाखालच्या व्यक्ती, आणि पुरासारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांना मोफत वकील मिळू शकतो. राष्ट्रीय क्रमांक १५१००. डिपॉझिटच्या वादासाठी तिथे दावापूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत जाण्याचं विचारा. तिथे तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. दावा करायचा झाला तर तोही बावड्यातल्या दिवाणी न्यायालयात. सीपीआर रुग्णालयासमोर २०२५ मध्ये सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचमध्ये या कामासाठी पहिल्यांदा जायचं नसतं. नवखे लोक तिथे चौकशीला जातात आणि एक दिवस वाया घालवतात.

वीजेच्या धोक्यासाठी महावितरणचा १९१२ आहे, पण मीटरपर्यंतचीच वायर त्यांची, आतली मालकाची.

फाइलमध्ये काय ठेवायचं

- नोंदणीकृत कराराची प्रत, आणि नसेल तर नोटरी कागद, ठरल्याचे मेसेज
- डिपॉझिट आणि प्रत्येक महिन्याच्या भाड्याच्या नोंदी (बँक विवरण पुरतं)
- आत जातानाचा आणि बाहेर पडतानाचा व्हिडिओ
- तारखांच्या रेघांसह भिंतीचे फोटो, वायरमन किंवा प्लंबरचं लेखी
- पाठवलेली पत्रं, पोस्टाच्या पावत्या, पोहोच
- अर्जांच्या शिक्का मारलेल्या प्रती, पोलिसांतली नोंद
- ताबा दिल्याचा सही केलेला कागद

फोटो-व्हिडिओ ज्या मोबाईलवर काढले तो मोबाईल विकू नका, मूळ फाइल पुसू नका. न्यायालयात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करून देतात. पैसे परत मागण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तोवर ही फाइल जपून ठेवा, आणि नव्या घरात ठेवताना ती भिंतीलगतच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका.